आहेराच्या घड्या

2023 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या शाळेत दहावीच्या विद्यार्थ्यांचा निरोप समारंभ व्हायचा होता. आठ दिवस आधी वर्गाचे प्रतिनिधी माझ्या खोलीत आले. "सर, त्या दिवशी गणवेश नको. मुली साड्या नेसणार आणि आम्ही पोरं सगळी एकसारखे कुर्ते घालणार." शेवटचे वर्ष आहे, हौस आहे, असे मनाशी म्हणून मी मान डोलावली. ती मान मी का डोलावली, याचा पश्चात्ताप अजून जात नाही.

समारंभाच्या दिवशी तीन मुले गैरहजर होती. त्यांतला एक वर्गात पहिला येणारा, मुलांच्या वतीने भाषण करणारा. भाषण ऐन वेळी दुसऱ्याने कागदावरून वाचले. परवा दिवशी तो हॉल तिकिटाच्या सहीसाठी आला. अंगावर गणवेश. शर्ट तीन वर्षांचा, पण धुतलेला, नीळ घातलेला, कडक इस्त्रीचा. कॉलर झिजली म्हणून उसवून, उलटवून पुन्हा शिवलेली. शाळेत त्या दिवशी त्याच्याइतका नीटनेटका दुसरा कुणी नव्हता, मी धरून. "परवा का आला नाहीस?" "पोटात दुखत होतं, सर."

पुढे महिन्याभराने त्याची आई दाखल्याच्या कामाला आली. ती वडगावला यंत्रमागावर कांड्या भरते. मी विषय काढला तेव्हा ती सरळ म्हणाली, "कुर्ता साडेसहाशेचा होता, सर. त्याच आठवड्यात माझ्या बहिणीकडचं लग्न आलं. दोन साड्या, एक टॉवेल-टोपी, पोरीला झबलं. आहेर चुकवता येत नाही. कुर्ता चुकवता येतो."

वाचकहो, कपड्यांवरच्या खर्चाविषयी मी लिहायला बसलो आहे तो या वाक्यामुळे. कुणावर रोख आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. रोख माझ्यावर आहे, आणि मग तुमच्यावर.

कपड्यांवर फार पैसा जातो, अशी तक्रार आपल्या घराघरांत आहे. पण बोट दाखवले जाते ते पोरांकडे. फाटक्या जीन्स विकत घेतात, मोबाईलवर बघून मागवतात, दोनदा घालून टाकून देतात. यात खोटे काही नाही. परंतु घरातल्या खर्चाची वही उघडून बघा. मी मुख्याध्यापक असलो तरी शेतकऱ्याचा मुलगा, वही ठेवायची सवय वडिलांची. 2022-23 या वर्षात आमच्या चौघांच्या अंगावर जे कपडे चढले त्यांचा खर्च 9,200 रुपये. आणि 11 लग्ने, 2 वास्तुशांती, 3 बारशी यांना मिळून आम्ही जो कापडाहेर केला त्याचा खर्च 14,850 रुपये. म्हणजे स्वतःच्या अंगापेक्षा दीडपट खर्च दुसऱ्याच्या ट्रंकेवर. ट्रंकेवर हा शब्द जाणूनबुजून वापरतो आहे, कारण आपण दिलेला आहेर कुणाच्या अंगावर चढतच नाही.

हे सिद्ध करण्यासाठी दुसऱ्याच्या घरात जायची गरज नाही. त्याच दिवाळीच्या आवराआवरीत सौ. आणि मी कपाट, दिवाण आणि माडीवरची ट्रंक मोकळी केली. साड्या 74 निघाल्या. त्यांतल्या स्वतः पसंत करून, दुकानात उभे राहून घेतलेल्या 13. बाकीच्या 61 आहेराच्या. त्या 61 पैकी 22 साड्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. नऊंना अजून दुकानाची पिशवी होती आणि त्यांतल्या काहींवर दुसऱ्याच कुणाची नावे. म्हणजे आमच्याकडे येण्याआधी त्या कुठे तरी जाऊन आल्या होत्या. शर्ट-पँटच्या तुकड्यांचा ढीग वेगळाच. त्या ढिगात एक करड्या रंगाचा शर्टपीस निघाला, त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीत माझ्याच अक्षरात माझेच नाव! आम्ही चार वर्षांपूर्वी मुतग्याला कुणाच्या तरी घरभरणीला दिलेला तुकडा गावोगाव हिंडून, बाळेकुंद्रीवरून, आमच्याकडे परत आला होता. पोस्टातले पत्रदेखील इतके प्रामाणिकपणे परत येत नाही.

सौ. हसली. मग बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "यातली एक तरी माझ्या रंगाची आहे का बघा."

इथेच खरे दुखणे आहे. आहेराची साडी घेणारा माणूस नेसणारीला डोळ्यांसमोर ठेवत नाही. तो किंमत डोळ्यांसमोर ठेवतो. त्यांनी आपल्याला चारशेची दिली होती, आपण साडेचारशेची देऊ. दुकानदारही हे ओळखून असतो. बेळगावच्या कुठल्याही कापड-दुकानात जा आणि "देण्यातल्या साड्या दाखवा" म्हणा. तो वेगळ्या फळीकडे जातो. देण्यातली साडी आणि नेसण्यातली साडी अशा दोन जाती आपणच पाडल्या. पहिल्या जातीचा पोत बोटाला बोचतो, काठ पत्र्यासारखा, रंग पहिल्या धुण्यात जातो. हे देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक, विकणाऱ्याला तर ठाऊकच. तरी तिघेही मानाचे नाव घेतात.

आता लग्नाचा बस्ता. पूर्वी बस्ता बांधायला घरची चार जाणती माणसे जात. आता टेम्पो भरून जातात. नवरीचा शालू, हळदीची, साखरपुड्याची, वरातीची. शिवाय करवल्यांना एकसारख्या साड्या, भावांना एकसारखे कुर्ते, ते एका दिवसाचे. आमचे कन्नड शेजारी या खरेदीला 'जवळी' म्हणतात आणि त्यांच्याकडेही हीच तऱ्हा आहे. आहेर हा शब्दसुद्धा इकडच्या कन्नड घरांत 'आयेर' होऊन सुखाने नांदतो. सीमाभागात ज्या बाबतीत मराठी-कानडी असा काडीचाही वाद नाही अशी ही एक बाब. दोघेही सारख्याच उत्साहाने कर्ज काढतात. त्यातून गावात लक्ष्मीची जत्रा आली तर विचारूच नका. पुष्कळ वर्षांनी येणारी जत्रा, घरोघरी पाव्हणे, प्रत्येक माहेरवाशिणीला साडी, प्रत्येक जावयाला पोशाख. सोसायटीचे कर्ज पिकासाठी उचलायचे आणि पोशाखाला घालायचे, हे मी या परिसरात डोळ्यांनी पाहिले आहे.

आपले पूर्वज असे नव्हते, हे म्हणणे सोपे आहे आणि निम्मे खोटे आहे. आहेर त्यांच्याही काळी होता. परंतु तेव्हा कापड दुर्मीळ होते. नऊवार लुगडे ही वस्तू होती. ज्या घरात लग्न त्या घराला खरोखर कापडाची गरज होती, आणि भाऊबंदांनी मिळून ती भागवायची अशी ती रीत होती. तिच्यात शहाणपण होते. आज गरज गेली, रीत उरली.

आणि त्या लुगड्याचे ते काय करीत, ते पाहा. माझी आई इरकल नेसे. इळकलच्या मागावरचे ते लुगडे, टोपपदरी, गोमी काठाचे. त्याचे अंग वेगळे विणतात, पदराचा ताणा वेगळा, आणि दोन्ही ताणे गाठींनी एकमेकांत गुंफतात. ते मधे विरले की आई त्याला दंड घाली. विरलेला भाग कापून टाकायचा, बाहेरची धड टोके आत आणून जोडायची, की लुगडे आणखी दोन वर्षे चाले. दंड घातलेले लुगडे नेसून ती शाळेत माझ्या बक्षीस समारंभाला आली होती आणि तिला त्यात काही कमीपणा वाटल्याचे मला आठवत नाही. दंडही विरला म्हणजे त्याची वाकळ. कानडीत कौदी. वाकळ फाटली की पोतेरे. एका लुगड्याची एवढी आयुष्ये. चोळीचा खण गुळेदगुड्डचा. म्हणजे जिला आम्ही आज शोभायात्रेत मराठमोळा वेश म्हणून मिरवतो ती इरकल आणि तो खण, दोन्ही कानडी मुलखातल्या विणकरांच्या हातचे. हे मी कुणाला डिवचायला सांगत नाही. मला त्याचा अभिमानच वाटतो.

शोभायात्रेचा विषय निघालाच आहे, तर एक कटू बोलतो. सीमाभागातल्या आम्हा मराठी माणसांना भाषेविषयी बोलताना कंठ दाटून येतो. ते खरेच आहे. 1956 पासूनचे दुखणे आहे. पण अलीकडे आमची अस्मिता अंगावर घालायची वस्तू झाली आहे. पाडव्याला शिवलेली तयार नऊवारी, शिवजयंतीला फेटा आणि भगवा कुर्ता, गणपतीत मंडळाचा टी-शर्ट, पथकाचा वेगळा. चार प्रसंग, चार पोशाख, वर्षातून एकेकदा. त्याच घरात मराठी मासिक येत नाही, मुलाला मराठीत पत्र लिहिता येत नाही. उलट 1 नोव्हेंबरला, काळ्या दिनाच्या फेरीत, मी बघतो, तीच तीच माणसे तोच तोच जुना काळा शर्ट घालून येतात. काहींचा तर विटून राखी झाला आहे. त्या एका दिवसासाठी कुणी नवा शर्ट शिवत नाही, आणि त्या दिवसाइतके अस्सल दुसरे काही आमच्याकडे नाही.

साधेपणाचा विषय निघाला की गांधीजींचे नाव घ्यायची पद्धत आहे. मी ते टाळणार होतो, पण आपण राहतो कुठे? 1924 च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष झाले ते याच एका अधिवेशनाचे. सभासदाने वर्षाला 24 हजार वार सूत द्यावे, स्वतः कातून किंवा दुसऱ्याकडून घेऊन, असा ठराव तिथे झाला. वर्षभरातच ती अट ढिली करावी लागली, कारण पुढाऱ्यांना सूत काढण्यापेक्षा भाषण काढणे सोपे वाटे. त्या अधिवेशनाची सारी उभारणी केली ती गंगाधरराव देशपांडे यांनी; कर्नाटक सिंह म्हणवला गेलेला हा माणूस आत्मचरित्र लिहायला बसला तेव्हा मराठीत लिहिता झाला. त्यांचे हुदली आमच्या सांबऱ्याहून दूर नाही. 1937 च्या एप्रिलमध्ये गांधीजी तिथे येऊन राहिले होते आणि खादीचे काम तिथे अजून चालते. आमच्यापैकी किती जणांनी तिथे जाऊन चार मीटर कापड घेतले आहे? मी स्वतः पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा गेलो. त्याआधी भाषणे मात्र दर 2 ऑक्टोबरला केली.

सामाजिक बाजू तर त्याहून जुनी. 25 डिसेंबर 1873 रोजी पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला, मोठा खर्च आणि बडेजाव फाटा देऊन. दीडशे वर्षे होऊन गेली. फुल्यांची तसबीर आमच्या स्टाफरूममध्ये आहे. तसबिरीखाली बसून आम्ही शिक्षक कुणाच्या घरी किती रुपयांचा आहेर न्यायचा याची वर्गणी गोळा करतो.

कुणी म्हणेल, सर, तुम्ही लोकांना फाटके घाला म्हणून सांगता. मुळीच नाही. मला चांगले कपडे आवडतात. शाळेत फाटका, चुरगळलेला शिक्षक उभा राहिला तर मला राग येतो. मुलांपुढे तसे उभे राहणे हा त्यांचा अपमान आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की चांगले दिसणे आणि पुष्कळ घेणे यांचा संबंध नाही. असलाच तर उलटा आहे. ज्याच्याकडे सहा शर्ट आहेत त्याला सहाही अंगाला बसणारे लागतात. ज्याच्याकडे तीस आहेत त्याचे बहुधा तीसही खांद्यावरून उतरलेले असतात.

कपडा शोभतो तो कशाने? आधी बसतो कसा त्याने. खांद्याची शिवण खांद्यावर हवी, बाही मनगटाशी थांबायला हवी, पँटची मोहरी टाचेखाली चिरडता कामा नये. नंतर धुण्याने. उलटा करून, सावलीत वाळवलेला सुती शर्ट रंग धरून राहतो. भर उन्हात तारेवर विसरलेला सहा महिन्यांत पांढरा पडतो. आणि शेवटी इस्त्रीने. आम्ही लहानपणी तांब्यात निखारे घालून इस्त्री करायचो आणि शर्टावर तांब्याच्या बुडाचे गोल ठसे उमटायचे, तरी शर्ट कडक दिसे. किमतीचा नंबर या सगळ्यांच्या मागून लागतो.

आमच्या गावातला शिंपी, ज्याने माझ्या लग्नाचा सफारी 1998 साली शिवला, अजून मशीनवर बसतो. कपडा मापाला घेताना तो नेहमी विचारतो, "सर, आत माया किती सोडू?" शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला माया म्हणतात. पोर वाढेल, माणूस सुटेल, तेव्हा उसवून सैल करता यावे म्हणून. तयार कपड्यात ही माया नसते. कारखान्यात अर्धा इंच कापड वाचवले तर हजार नगांत किती वाचते याचा हिशेब झालेला असतो. म्हणून पोट एक इंच वाढले की पँट बाद. माझा तो सफारी दोनदा सैल केला आहे. मी सुटलो, सफारी टिकला.

शिंप्याची तक्रार वेगळी. "काय वो सर, शर्टाच्या शिलाईत तयार शर्ट मिळतोय म्हणतात. मग माझ्याकडं कोण येतंय? आता फॉल-पिको आणि चेन बदलायला येतात, तेवढंच." त्याचे खरे आहे. तयार शर्ट स्वस्त आहे. तो स्वस्त का, हे मात्र आपण विचारत नाही. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही कारखान्यांची इमारत कोसळून 1,134 माणसे मेली. भिंतींना आदल्या दिवशी तडे गेले होते; तरी शिलाई-कामगारांना कामावर बोलावले गेले, कारण माल वेळेवर जायचा होता. त्या स्वस्ताईची किंमत कुणी तरी भरतेच. पाण्याचेही तसेच. एका सुती टी-शर्टामागे सुमारे 2,700 लिटर पाणी जाते असा अंदाज जगभर सांगितला जातो. म्हादईच्या पाण्यावरून तावातावाने भांडणारे आपण, एवढे पाणी घडी न मोडता ट्रंकेत कोंडून ठेवतो. आणि जगात टाकलेल्या कपड्यांचे काय होते? बाहेर देशातले जुने लोकरी कपडे गठ्ठ्यांनी पानिपतला येतात, फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत करतात, त्याची घोंगडी-ब्लँकेटे होतात. पानिपत म्हटले की आपल्याला 1761 शिवाय काही आठवत नाही, म्हणून सांगितले.

आता या लेखातला सर्वांत अवघड भाग. तो टाळला तर मी लबाड ठरेन. मी हे सारे एकदा वडगावच्या एका ओळखीच्या मागवाल्यापुढे बोललो. त्याच्या घरात चार माग आहेत. मागांच्या खडखडाटात त्याने ऐकून घेतले, मग बटण बंद केले आणि म्हणाला, "सर, तुम्ही शिकलेली माणसं. पण आमच्या मागावर निघतात त्या देण्यातल्याच साड्या. लोकांनी आहेर सोडला तर आम्ही काय खायचं? लॉकडाऊनमधी लग्नं थांबली तवा काय झालं, बघितलासा न्हवं?"

बघितले होते. 2020 मध्ये वडगाव, खासबाग, शहापूर, सुळेभावी इथले माग मुके झाले होते. त्या कांड्या भरणाऱ्या आईचे कामही तेव्हा गेले होते. त्या माणसाला द्यायला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. अर्धे आहे, ते असे. त्यानेच पुढे सांगितले की देण्यातला माल आता सुरतेहून इतक्या कमी भावात येतो की त्याला सूतसुद्धा त्या किमतीत पडत नाही. म्हणजे जोवर आपण साडी किमतीवर घेतो, नेसण्यासाठी घेत नाही, तोवर तो हरणारच आहे. तीन बोचऱ्या साड्यांच्या पैशात एक नेसण्याजोगी घेतली, आणि ती त्याच्या मागावरची घेतली, तर त्याचे पोट आणि आपली अब्रू दोन्ही राहतील. तो यावर मान हलवून म्हणाला, "घ्याल तवा खरं." आणि माग चालू केला.

घ्यायचे ठरवले आहे. या कार्तिकात माझ्या थोरल्या मुलीचे लग्न आहे. तिने आणि आम्ही मिळून पत्रिकेवर छापले आहे: कापडाहेर आणू नये, आम्हीही करणार नाही. नवरीला दोनच साड्या घेतल्या. एक इरकल, आणि एक तिने स्वतः निवडलेली, जी ती पुढे नोकरीवर जातानाही नेसू शकेल. व्याही कन्नड भाषिक आहेत. त्यांनी एका मिनिटात होकार दिला. अडले ते आमच्याच घरात. निपाणीला माझी थोरली बहीण असते. पत्रिका पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी अक्काचा फोन आला.

"हे काय छापलंयस रे? भाचीच्या लग्नात आत्या रिकाम्या हातानं उभी राहणार? माझ्या तिन्ही पोरांच्या लग्नात तू पोशाख घेऊन आलास, ते मी कधी फेडायचं?"

"अक्का, फेडायचं म्हणून आणतेस ना? मग तो मान कसला?"

"तुला नाही कळायचं. लोक मला विचारतील, भावानं तुला काय घेतलं. मी काय दाखवू?"

मला उत्तर सुचले नाही. पंचवीस वर्षे मुलांना प्रश्नोत्तरे शिकवणाऱ्या माणसाला सुचले नाही. शेवटी मी एवढेच म्हणालो की माडीवर आईच्या दोन इरकली आहेत, दंड घातलेल्या; त्यांची वाकळ शिवायची राहून गेली. तू ती शिवून पोरीला दे, तेवढा एकच आहेर आम्ही घेऊ. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग ती म्हणाली, "बघते," आणि फोन ठेवला.

सौ.ने त्या दोन्ही इरकली धुऊन, सावलीत वाळवून, घडी करून पिशवीत भरल्या आणि निपाणीच्या एसटीत एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवून दिल्या. त्याला आज बारा दिवस झाले. लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तावर आहे. अक्काचा फोन अजून आलेला नाही.